मंजूर झालेलं डिझाइन डॉक्युमेंट कोडिंग सुरू होताच बाजूला का पडतं?

तक्रार ठरलेली असते. डिझाइन डॉक्युमेंट (सॉफ्टवेअर कसं बांधायचं ते कोडिंगआधी लिहून ठेवलेला कागद) लिहून झालं, प्रोजेक्टच्या गाईडनं किंवा क्लायंटनं सही केली, सगळ्यांना पीडीएफ गेली. कोडिंग सुरू होऊन दोन आठवडे उलटले की ती फाईल कुणी उघडत नाही. मग फोनाफोनी सुरू होते. "वजन दुरुस्त केलं तर शेतकऱ्याची जुनी हिशेबपट्टी रद्द करायची का तीच बदलायची?" डॉक्युमेंटमध्ये उत्तर नसतं. ज्याला जे सुचेल ते तो करतो आणि शेवटी जोडणीच्या वेळी दोघांच्या मॉड्यूलचा मेळ बसत नाही. पुढच्या प्रोजेक्टला "या वेळी डॉक्युमेंट नीट करू" असं ठरतं, चाळीस पानांची साठ पानं होतात, आणि परत तेच घडतं.

सांगली, मिरज, कुपवाड भागातले इंजिनिअरिंगच्या अंतिम वर्षाचे गट आणि चार-पाच जणांच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या यांचं काम मी जवळून बघतो. प्रोजेक्ट इथलेच असतात: अडत दुकानाचा हिशेब, कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा, द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी, ऊसतोडीचं वेळापत्रक, मिरजेतल्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंट. विषय कुठलाही असो, दुखणं एकच दिसतं. डॉक्युमेंटमध्ये वर्णन भरपूर असतं आणि निर्णय जवळपास नसतात. कोड लिहिणाऱ्याला वर्णनाचा उपयोग होत नाही, त्याला निर्णय हवे असतात. ते मिळाले नाहीत की तो फाईल बंद करतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

आधी तपासणी: वाक्य उलटं करून बघा

डॉक्युमेंटची प्रिंट काढा आणि लाल पेन घेऊन बसा. प्रत्येक वाक्य मनात उलटं करा. उलटं वाक्य कुणीही शहाणा माणूस कधीच निवडणार नसेल, तर मूळ वाक्य खोडा. "सिस्टीम सुरक्षित असेल." उलटं काय? सिस्टीम असुरक्षित असेल. असं कोण ठरवणार? खोडा. "इंटरफेस वापरायला सोपा असेल." खोडा. "डेटा अचूक ठेवला जाईल." खोडा.

आता हे वाक्य बघा: "सौद्याच्या वेळी इंटरनेट गेलं तरी नोंद टॅबवरच (टॅबलेटवर) होईल आणि जोडणी आल्यावर सर्व्हरवर जाईल." हे उलटं करता येतं. इंटरनेट नसताना नोंद बंद ठेवायची, असंही कुणी ठरवू शकतं. सोपं पडतं, घोळ कमी होतो. म्हणजे इथे दोन रस्ते होते आणि तुम्ही एक निवडला. हे वाक्य ठेवा.

साठ पानांच्या डॉक्युमेंटमध्ये ही कसोटी लावल्यावर शिल्लक काय राहतं ते एकदा प्रत्यक्ष बघाच. बहुतेक वेळा टेक्नॉलॉजीची नावं राहतात (अँड्रॉइड, मायएसक्यूएल, नोड), टेबलांची यादी राहते, आणि दोन-चार आकृत्या. तुमचंही असंच झालं तर पुढचं वाचा. भरपूर वाक्यं टिकली तर तुमचा बिघाड वेगळा आहे. शेवटच्या दोन भागांकडे जा.

हे होतं कुठून

सीनियर गटाकडून मागच्या वर्षीची फाईल मिळते. तिच्यात मथळे तयार असतात. प्रत्येक मथळ्याखाली काहीतरी लिहायलाच हवं म्हणून लिहिलं जातं. रिक्वायरमेंटच्या डॉक्युमेंटमधलेच परिच्छेद "असावं"चं "असेल" करून डिझाइनमध्ये येतात. आता चॅटबॉटकडून मजकूर करून घेण्याची सोय झाली आहे, त्यामुळे भाषा गुळगुळीत होते. पण तुमच्या अडत दुकानात पट्टी कशी दुरुस्त करतात हे त्याला ठाऊक नसतं आणि तो ते टाळून लिहितो. वाचायला छान, वर सांगितलेल्या कसोटीत सगळं लाल.

मानकाचा दोष इथे नाही. सॉफ्टवेअर डिझाइनचं वर्णन कसं लिहावं याचं आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १०१६ क्रमांकाचं मानक १९८७ सालचं. त्याच्या २००९ च्या आवृत्तीत डिझाइन वेगवेगळ्या बाजूंनी दाखवण्याचे बारा दृष्टिकोन दिले आहेत: रचना, माहिती, इंटरफेस, अवस्थाबदल वगैरे. त्यातच डिझाइनमागचं कारण नोंदवण्याचीही स्वतंत्र तरतूद आहे. आपल्याकडे बारा दृष्टिकोनांचे बारा मथळे होतात आणि कारणाची तरतूद तेवढी गळते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमकं तेच गळतं.

दुरुस्ती: एक पट्टी हातात घ्या

निर्णय शोधायचे कुठे हा पुढचा प्रश्न. बसल्याजागी विचार करून ते सापडत नाहीत. ज्यांच्यासाठी प्रोजेक्ट आहे त्यांचा रोजचा एक कागद मागून घ्या आणि त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारत जा. हळदीच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर धरू, कारण सांगलीत ते दर वर्षी कुणी ना कुणी करतंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे विषय प्रेझेंटेशनमध्येही शोभून दिसतो. कागद म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी हिशेबपट्टी.

एका शेतकऱ्याचा माल आला. हळकुंड, गड्डा आणि कणी वेगळी केलेली, तिन्हींचा भाव वेगळा. आकडे उदाहरणापुरते घेतो:

हळकुंड ८४२.६ किलो, भाव क्विंटलला १३,४०० रुपये: १,१२,९०८.४० रुपये.
गड्डा २१५.४ किलो, भाव १२,६००: २७,१४०.४० रुपये.
कणी ६२.४ किलो, भाव ९,६००: ५,९९०.४० रुपये.

आता पैसे पूर्ण रुपयात करायचे. प्रत्येक ओळीवर केले तर १,१२,९०८ अधिक २७,१४० अधिक ५,९९०, म्हणजे १,४६,०३८. सगळी बेरीज करून शेवटी एकदाच केले तर १,४६,०३९.२० चे १,४६,०३९. एक रुपयाचा फरक.

एकानं मोबाइल ॲप लिहिलं, दुसऱ्यानं रिपोर्ट लिहिला, आणि दोघांनी पूर्णांक वेगवेगळ्या ठिकाणी केला तर संध्याकाळी दुकानाच्या किर्दीत रुपये जुळणार नाहीत. दुकानाचा हिशेब ठेवणारे दिवाणजी एक रुपया सोडत नाहीत, आणि सोडूही नये. शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीचा आणि दुकानाच्या वहीचा आकडा एकच असायला हवा. ही गोष्ट कोडिंगच्या वेळी ठरवायची नाही. डिझाइनमध्ये ती अशी लिहायची:

"वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक म्हणून साठवायची. दशांश अपूर्णांकाचा फ्लोट प्रकार कुठेही वापरायचा नाही, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. रुपयात पूर्णांक करणं पट्टीच्या एकूण रकमेवर, एकदाच, सर्व्हरवर. ॲप आणि रिपोर्ट तोच आकडा दाखवतील, स्वतः गणित करणार नाहीत. पर्याय विचारात घेतला होता: ओळीवार पूर्णांक. दुकानाची सध्याची पद्धत एकूण रकमेवरची असल्यानं तो सोडला."

पाच-सहा वाक्यं. हा परिच्छेद असला की ॲप लिहिणारा, रिपोर्ट लिहिणारा आणि टेस्टिंग करणारा तिघेही त्याच पानावर परत येतात. टेस्टिंगवाल्याला वरची तीन ओळींची पट्टी आयती टेस्ट केस म्हणून मिळते.

त्याच कागदावरून आणखी प्रश्न निघतात. दिवाणजींशी बोलणं साधारण असं होतं:

"काका, आवक नोंदवताना शेतकऱ्यानं सांगितलेलं वजन आणि काट्याचं वजन वेगळं निघालं तर?"

"पट्टी काट्यावरच होणार. बारदान वजा करून."

"आणि पट्टी दिल्यावर काट्याची चूक सापडली तर?"

"पहिली पट्टी फाडायची नाही. तिच्यावर रेघ मारायची, नंबर तसाच ठेवायचा, नवी लिहायची."

या दोन उत्तरांत डेटाबेसचे दोन मोठे निर्णय आहेत. एक: एकूण वजन, बारदान आणि निव्वळ वजन हे वेगळे ठेवायचे, नुसतं निव्वळ नाही. दोन: दिलेली पट्टी कधीच बदलायची किंवा पुसायची नाही, रद्द अशी नोंद करून नवी काढायची, आणि नव्या पट्टीत जुनीचा नंबर ठेवायचा. वहीत माणसं पिढ्यान्‌पिढ्या जे करत आली तेच सॉफ्टवेअरमध्ये हवं असतं. ते विचारलं नाही की पोरं "एडिट" नावाचं बटण देऊन मोकळी होतात.

आकृत्या असूनही उपयोग का होत नाही

वर्गांची आकृती (कोडमधल्या क्लासची) आणि डेटाबेसमधल्या टेबलांची आकृती बऱ्याच वेळा कोड झाल्यावर टूलनं काढलेली असते. ती खोटी नसते, पण जे कोड उघडून दिसतंच ते परत दाखवते. तिच्यावर वेळ घालवू नका.

त्यापेक्षा मालाच्या अवस्थांची एक आकृती हातानं काढा. आवक, नमुना, सौदा, काटा, पट्टी, पैसे अदा. सरळ रेषेत सहा चौकोन येतात आणि काम झालंसं वाटतं. खरं काम आता सुरू होतं: प्रत्येक चौकोनातून मागे किंवा बाजूला जाणारा बाण शोधा. सौद्यात निघालेला भाव शेतकऱ्याला पटला नाही. माल तो परत नेणार किंवा दुकानात ठेवून पुढच्या सौद्याची वाट बघणार. हा बाण बहुतेक आकृत्यांमध्ये नसतोच. तो नसला की लॉट नंबरचा घोळ होतो: दुसऱ्या सौद्याला तोच नंबर चालवायचा का नवा द्यायचा? जुन्या बोलीची नोंद ठेवायची का? काट्यावर गेल्यावर खरेदीदारानं माल ओला आहे म्हणून हरकत घेतली तर माल कुठल्या अवस्थेत जाणार?

बाणावर शब्द लिहा, हे माझं दुसरं मागणं. दोन चौकोनांमधला नुसता बाण काहीच सांगत नाही. माहिती जाते का विनंती जाते, कोण सुरुवात करतो, उत्तराची वाट बघतो का पुढे जातो, हे बाणावर यायला हवं. आणि क्रमाची आकृती (कोण कुणाला कधी काय पाठवतं ते दाखवणारी) एकच काढायची असेल तर सगळं सुरळीत चालल्याची काढू नका. दोन टॅबवरून एकाच लॉटची नोंद एकाच वेळी झाली, त्या प्रसंगाची काढा. लॉट नंबर टॅब देणार का सर्व्हर, हा प्रश्न त्या आकृतीत तोंडावर येतो, आणि इंटरनेटशिवाय नोंद करायची असं आधी ठरवलं असेल तर नंबर सर्व्हरवर अवलंबून ठेवता येत नाही हेही तिथेच कळतं. एक निर्णय दुसऱ्याला बांधून असतो. डॉक्युमेंटमध्ये तो धागा दिसला पाहिजे: "हा निर्णय अमुक निर्णयामुळे."

मॉड्यूल पाडतानाही हेच सूत्र धरा. सॉफ्टवेअर क्षेत्रातले संशोधक डेव्हिड पारनास यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की कामाच्या पायऱ्यांप्रमाणे मॉड्यूल पाडू नयेत. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते एकेका मॉड्यूलच्या आत झाकावेत. हमाली आणि तोलाईचे दर बदलतात, कपातीचे नियम बदलतात. ते सगळं "कपात" नावाच्या एका मॉड्यूलमध्ये राहिलं, तर दर बदलल्यावर एकच जागा उघडावी लागते. डिझाइनमध्ये प्रत्येक मॉड्यूलच्या नावापुढे एक ओळ लिहा: याच्या आत काय झाकलंय. ती ओळ लिहिता आली नाही तर ते मॉड्यूल वेगळं असण्याचं कारण तपासा.

आकडे नसलेली पानं

"बॅकअप नियमित घेतला जाईल." लाल रेघ. सांगलीत राहून हे वाक्य लिहिलेलं बघितलं की मला खरोखर वाईट वाटतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गणपती पेठ आणि मारुती चौकातल्या दुकानांत शिरलं. त्याआधी २००५, नंतर २०२१. तळमजल्यावरच्या टेबलाखाली सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची हार्डडिस्क, ही इथे काल्पनिक भीती नाही.

मग लिहायचं काय? दुकानातला संगणक पूर्ण गेला तर किती वेळाच्या नोंदी परत कराव्या लागल्या तर चालतील, हे मालकांना विचारा. शेठ म्हणाले "सौद्याच्या दिवशी एक तास, एरवी एक दिवस", तर तो आकडा लिहा. दर तासाला क्लाउडवर प्रत हा निर्णय त्यातूनच निघतो. किती वेळात काम परत सुरू व्हायला हवं तो दुसरा आकडा. आणि पातळी ४० फुटांवर गेली की संगणक वरच्या मजल्यावर कोण नेणार, हेही एका ओळीत. ही ओळ सॉफ्टवेअरची नाही असं कुणी म्हणेल. डिझाइन चालवून दाखवायचं असेल तर ती त्यातच हवी.

वेगाबद्दलही असंच. "जलद" लिहू नका. एकाच वेळी किती टॅबवरून नोंदी होणार, सौद्याच्या भर गर्दीत मिनिटाला किती लॉट निघतात, हे दुकानात उभं राहून मोजा आणि आलेला आकडा लिहा.

सोडलेले पर्याय लिहायचे कसे

सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये निर्णय नोंदवण्याची एक छोटी पद्धत मांडली. एका निर्णयाला एक लहान नोंद: शीर्षक, परिस्थिती, निर्णय, स्थिती आणि परिणाम. स्थिती म्हणजे प्रस्तावित, मान्य की नंतर दुसऱ्यानं बदललेला. मी छोट्या गटांना हीच पद्धत सुचवतो, फक्त "सोडलेले पर्याय" असा एक भाग वाढवायला सांगतो. परिणाम लिहिताना तोटाही लिहा. इंटरनेटशिवाय नोंद घ्यायचं ठरवलं तर दोन टॅबवरच्या नोंदी नंतर जुळवायचं काम वाढणार, हे आधीच कागदावर असलं की दोन महिन्यांनी "हे कुणी ठरवलं?" म्हणून भांडण होत नाही.

छोट्या प्रोजेक्टला अशा पंधरा-वीस नोंदी पुरतात. गाईडचा साठ पानांचा साचा सक्तीचा असेल तर तो भरा, त्याच्याशी झगडू नका. पण "डिझाइनमधले निर्णय" असं एक प्रकरण पुढे घाला आणि काम त्याच्यावर चालवा. तोंडी परीक्षेत प्रश्नही तिथलेच येतात: हाच डेटाबेस का, हीच रचना का.

निर्णय आहेत, तरी फाईल मागे पडते

इथे कारण बहुधा फाईल ठेवायच्या जागेत असतं. वर्डची फाईल व्हॉट्सॲपवर फिरते, नावात फायनल दोनदा आलेलं असतं, आणि कुणाकडे कुठली प्रत आहे ते सांगता येत नाही. डॉक्युमेंट कोडच्या शेजारी, त्याच गिट रिपॉझिटरीत (कोडचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साठ्यात), मार्कडाउन या साध्या मजकुराच्या रूपात ठेवा. आकृत्या मर्मेड किंवा प्लांटयूएमएल या टूलमध्ये मजकूर म्हणून लिहिल्या की त्यातला बदलही ओळीगणिक दिसतो. निर्णय बदलला तर कोड आणि नोंद एकाच कमिटमध्ये (गिटमधल्या एकाच बदलनोंदीत) बदलायची, आणि कोड तपासणाऱ्यानं नोंद नसेल तर बदल परत पाठवायचा. हा एक नियम पाळला की बाकीचं बरंच आपोआप सुधारतं.

आणि जे रोज बदलतं ते डॉक्युमेंटमध्ये ठेवूच नका. टेबलातल्या प्रत्येक रकान्याची यादी, फंक्शनांची नावं, स्क्रीनच्या बटणांचे रंग. ही पानं सगळ्यात आधी शिळी होतात, आणि एक पान चुकीचं निघालं की वाचणारा उरलेल्यांवरही विश्वास ठेवत नाही.

बैठकीत सगळे मान डोलावतात

शेवटचा बिघाड. रिव्ह्यूला सहा माणसं बसतात, प्रोजेक्टरवर पानं सरकतात, "ठीक आहे, छान आहे" म्हणून चहा होतो. कुणीच वाचलेलं नसतं. त्याऐवजी दोघांनाच द्या: एक जण जो ते कोड लिहिणार आहे, आणि एक जण ज्याचं ते काम आहे, म्हणजे आपले दिवाणजी. पहिल्याला सांगा, उद्या मला न विचारता कामाला बसायचंय असं समजून वाच आणि अडशील तिथे खूण कर. दिवाणजींना आकृती दाखवू नका. पट्टीचं उदाहरण आणि मालाच्या अवस्था तोंडी सांगा, "असं झालं तर आम्ही असं करणार" म्हणून. ते मध्येच थांबवतील. थांबवलं की लिहून घ्या.

ज्या प्रश्नांची उत्तरं अजून नाहीत त्यांची यादी डॉक्युमेंटच्या पहिल्याच पानावर ठेवा, प्रत्येकापुढे उत्तर आणणाऱ्याचं नाव आणि तारीख. कोडिंग सुरू झाल्यावर फोनवर किंवा ग्रुपवर जे जे ठरतं ते आठवड्यातून एकदा कुणीतरी एकानं तिथून उचलून नोंदीत आणायचं. हे काम कुणाच्या तरी नावावर असू द्या, नाहीतर ते कुणाचंच राहत नाही. आणि दिवाणजींना विचारायचे प्रश्न सकाळी, सौदे सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या. एकदा बोली सुरू झाली की त्यांना मान वर करायला फुरसत नसते.